कंपूतले शिपाई

गेल्या मे महिन्यात आमचा नातू सुट्टीसाठी ग्वाल्हेरला आला. मुलगा आणि सूनबाई गेली कित्येक वर्षे इंग्लंडमध्ये आहेत, त्यामुळे पोराचे मराठी जरा अडखळत चालते; पण चालते. बॅग उघडल्याबरोबर त्याने एक चपटा खोका काढून माझ्या पुढ्यात ठेवला. आत पातळ फोममध्ये गुंडाळलेले करड्या धातूचे शिपाई होते. एकेक जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा, रंग न दिलेला. कुणाच्या खांद्यावर बंदूक, कुणी गुडघा टेकून नेम धरलेला, एक नगारा वाजवणारा. सोबत एक तोफ आणि तिचे चार गोलंदाज.

"आजोबा, हे आपले आहेत," तो म्हणाला. "शिंद्यांचे. आसईच्या लढाईचे. मला रंगवायचे आहेत. कोट कुठल्या रंगाचा असतो?"

माझा जन्म लश्करचा. नोकरी ग्वाल्हेरातच झाली आणि निवृत्तीनंतर सिटी सेंटरमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आपल्या मंडळाच्या व्याख्यानमालेत महादजींवर मी दोनदा बोललो आहे. आणि शिंद्यांचा शिपाई अंगात काय घालीत असे, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. मावळा विचारला असता तर सांगितला असता : मुंडासे, अंगरखा, कमरेला शेला, पाठीवर ढाल. पण हा मावळा नव्हता. याच्या छातीवर दोन पट्टे एकमेकांना छेदून गेले होते आणि बंदुकीला संगीन होती.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते.

आधी या खेळाविषयी थोडे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना तो ठाऊक नसेल. मलाही नव्हता. मोठ्या टेबलावर हिरवे कापड पसरायचे, त्यावर टेकड्या, झाडे, नदी, गावे मांडायची आणि दोन्ही बाजूंच्या फौजा उभ्या करायच्या. एक पुतळा म्हणजे वीस किंवा तीस माणसे असे धरून चालायचे. कोणी किती इंच पुढे सरकायचे ते मोजपट्टीने ठरते. गोळी लागली की चुकली ते फासे सांगतात. खेळ पाच-सहा तास सहज चालतो. खेळणारी बहुतेक मंडळी प्रौढ असतात आणि खेळापेक्षा जास्त वेळ पुतळे रंगवण्यात घालवतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराच्या आसपास हे पुतळे ओतणारे इतके कारखाने आहेत की शौकीन मंडळी त्या भागाला शिशाचा पट्टा म्हणतात. मूर्तिकार दोन रंगांची लांबी एकत्र मळून पहिला पुतळा हाताने घडवतो. त्याचा रबरी साचा होतो. गरगर फिरणाऱ्या साच्यात वितळलेला धातू ओतला की एकाच वेळी डझनावारी शिपाई बाहेर पडतात. आता पहिला पुतळा संगणकावर घडवून यंत्रावर छापण्याचीही सोय झाली आहे.

मूळ कल्पना आपलीच, हे सांगायचा मोह होतो आणि ते खोटेही नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. बुद्धिबळातले प्यादे हे त्यातले पायदळच. मात्र लढाईसारखी लढाई टेबलावर आणली ती प्रशियातल्या राइसविट्झ पितापुत्रांनी. वडिलांनी १८१२ मध्ये आपला खेळ राजाला दाखवला, आणि मुलाने, जो लष्करात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. पुढे प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणात तो गेला. घरगुती खेळ म्हणून त्याचे नियम १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने लिहिले. युद्धाचा तिटकारा असलेला हा माणूस दिवाणखान्यात गालिच्यावर पालथा पडून खेळातल्या तोफा डागत असे. त्याआधी वीस वर्षे, १८९३ मध्ये, ब्रिटन नावाच्या लंडनच्या कारखान्याने आतून पोकळ शिशाचे स्वस्त शिपाई काढले होते. त्यांत हिंदुस्थानी घोडदळाचे संचही होते. पण ते सारे साहेबाच्या चाकरीतले. साहेबाविरुद्ध लढलेला हिंदुस्थानी, तोही कवायती फौजेतला, टेबलावर यायला फार उशीर लागला.

आपल्याकडे हा प्रकार नव्हताच असे मात्र नाही. दिवाळीचा किल्ला काय होता? मी लहान असताना लश्करच्या आमच्या वाड्यात मागच्या अंगणात आम्ही भावंडे किल्ला करायचो. पोती, विटा, दगड, वरून चिखल, त्यावर अळीव आणि मोहरी पेरायची. पुण्याहून कोणी येणार असेल तर मातीचे मावळे मागवले जायचे. ते बरेचदा वाटेतच फुटायचे. मग आई आम्हाला कुंभाराकडे पाठवी. तो दिवाळीसाठी दिवे घेतलेल्या ग्वालिनी, हत्ती, घोडे आणि शिपाई करीत असे. त्याचा शिपाई म्हणजे घट्ट कोट, छातीवर आडवे पट्टे, खांद्यावर बंदूक आणि झुपकेदार मिशा. आम्ही हिरमुसायचो. रायगडावर बंदूकवाला शिपाई शोभतो का? वडील म्हणायचे, "अरे, फिरंगी म्हणून पायथ्याशी उभे करा." तसे आम्ही करायचो आणि पाडव्यापर्यंत त्यांचा धुव्वा उडवायचो.

आता, नातवाच्या हातातला पुतळा पाहताना, तो कुंभाराचा शिपाई डोळ्यांपुढे आला. पट्टे तेच, बंदूक तीच. इतकी वर्षे ज्याला आम्ही फिरंगी म्हणून ढिगाने पाडला, तो आमच्याच शहराचा शिपाई होता.

खरे तर पुस्तकापर्यंत जायचीही गरज नव्हती. सिटी सेंटर हा नवा भाग. इथे मॉल, दवाखाने आणि शिकवणी वर्ग आहेत, जुने नाव एकही नाही. पण इथून रिक्षाने बाड्याकडे निघालात की शिंद्यांची फौजच वाटेत भेटू लागते. लश्कर हे शहराचे नावच पाहा. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि उठलाच नाही; तंबूंच्या जागी भिंती आल्या आणि नाव तळाचेच राहिले. शिंदे की छावणी. निंबाळकर की गोठ, म्हणजे निंबाळकरांच्या पथकाची उतरण्याची जागा. हुजरात म्हणजे धन्याच्या खास तैनातीतले घोडदळ. जिन्सी म्हणजे तोफखाना. आणि कंपू.

कंपू या शब्दाला आजच्या मराठीत जरा वाईट वास आहे. चार माणसांनी कटकारस्थानासाठी एकत्र येणे म्हणजे कंपू करणे. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपू म्हणजे युरोपियन पद्धतीने कवायत शिकवलेली, स्वतःच्या तोफांसह चालणारी फौज. छावणी अर्थाच्या फिरंगी शब्दावरून तो आला. ग्वाल्हेरच्या माणसाला 'कंपूला जातो' म्हणताना यातले काही आठवत नाही. मलाही आठवत नसे.

ही फौज उभी का करावी लागली? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर शिंद्यांच्या घरातली माणसे पडली आणि महादजी पायाला जखम घेऊन कसेबसे वाचले. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली : इंग्रजांच्या थोड्याशा पलटणी ओळीत उभ्या राहून गोळीबार करू लागल्या की दहापट घोडेस्वारही त्यांच्यापुढे फुटतात. १७८४ मध्ये सॅव्हॉय प्रांतातला बेन्वा द बॉइन्य महादजींच्या चाकरीत आला. आपल्या कागदपत्रांतून तो डिबॉईन म्हणून भेटतो. सुरुवात झाली ती प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणींनी. सहा वर्षांनी, १७९० मध्ये, जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता अशा दोन लढायांत या पायदळाने राजपुतान्याचा निकाल लावला. मेडत्याला राठोडांचे घोडदळ भरधाव चालून आले. डिबॉईनच्या पलटणींनी पोकळ चौकोन केला आणि चारही बाजूंनी संगिनी रोखल्या. राठोड त्या चौकोनाभोवती घिरट्या घालत मेले. शौर्यात ते कुठेच कमी नव्हते. कमी होती ती कवायत.

मग कंपू वाढत गेले. एका कंपूत साधारण दहा पलटणी : सात तेलंग्यांच्या, तीन नजिबांच्या. तेलंगा म्हणजे तेलुगू माणूस नव्हे. पहिले कवायती शिपाई फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी दक्षिणेत भरती केले, म्हणून उत्तरेत कोणताही कवायती शिपाई तिलंगा झाला. त्याचा पोशाख आणि हत्यारे कंपनीच्या शिपायाच्या धर्तीवर असत. नजीब मात्र देशी पेहरावात, तोड्याची बंदूक घेऊन लढत. म्हणजे नातवाच्या खोक्यातले पट्टेवाले तेलंगे होते, आणि ज्या चार पुतळ्यांना सैल पायजमे होते व जे "चुकून आलेत" असे त्याला वाटत होते, ते नजीब होते. आग्र्याला सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस या कंपूंसाठी तोफा ओतीत असे आणि बंदुकाही करवीत असे. मुख्य ठाणे अलीगढला. दुआबातला मोठा मुलूख फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला, त्यामुळे पगार वेळेवर होई. त्या काळात ही गोष्ट कवायतीपेक्षाही दुर्मीळ होती. पेशव्यांच्या घोडदळाचे स्वार थकल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणे धरीत, तेव्हा कंपूतला शिपाई महिन्याच्या महिन्याला रोख मोजून घेत होता.

आता यातला जो भाग आपल्याला जरा अवघड वाटेल तो सांगतो. शिंद्यांच्या या पायदळात मराठी माणूस फार थोडा. शिपाई अवध आणि रोहिलखंडातले : पुरभय्ये ब्राह्मण, राजपूत, पठाण. अंमलदार सॅव्हॉयचे, फ्रान्सचे, हॅनोव्हरचे, काही इंग्रजही. निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस. मराठी होता तो धनी. मराठी होते घोडदळातले सरदार. आणि मराठी होते आपण, म्हणजे आपले पणजोबा-खापरपणजोबा, जे फडावर बसून हजेरीपट लिहीत आणि पगार मोजून देत. लश्करच्या जुन्या घरांतल्या आडनावांवर नजर टाका, तलवारीपेक्षा लेखणीच जास्त दिसेल. नातवाने विचारले, "मग यांना मराठा का म्हणतात?" मी म्हटले, "तुझ्या लंडनच्या कंपनीच्या फौजेत इंग्रज किती होते?" तो गप्प बसला. पण प्रश्न त्याचा बरोबर होता आणि माझे उत्तर निम्मेच होते.

डिबॉईन १७९५ च्या अखेरीस प्रकृतीच्या कारणाने निघाला आणि पुढे गडगंज होऊन मायदेशी, शांबेरी गावी, स्थायिक झाला. १८३० मध्ये तो वारला. आठ वर्षांनी गावाने त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. चारही हत्तींचे फक्त पुढचे अर्धे अंग दिसते आणि गावकरी त्यावरून चावट विनोद करतात. त्या हत्तींना पैसा पुरवला तो दुआबाच्या महसुलाने. ग्वाल्हेरात डिबॉईनचे काहीच नाही. त्याच्यानंतरच्या फिरंग्यांपैकी एक घराणे मात्र इथलेच झाले. नेपल्सहून आलेल्या फिलोझ घराण्यातला ज्यां बाप्तिस्त फिलोझ दौलतरावांच्या कंपूचा सेनापती होता, आणि त्याच घराण्यातल्या मायकेल फिलोझने १८७४ चा जयविलास राजवाडा बांधला. पाहुणे आले की आपण त्यांना ज्या राजवाड्यातली, जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी दाखवायला नेतो, तोच. टेबलावर खेळ मांडायची हौस ग्वाल्हेरला नवी नाही, इतकेच म्हणतो.

तर आमच्या टेबलावर आसई मांडली गेली. सौ.नी जुनी निळी ओढणी दिली. ती कैलना नदी झाली. जुई नदीसाठी लोकरीचा धागा. आजच्या जालना जिल्ह्यात या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची एकत्र फौज होती. दोन्ही धनी लढाईच्या वेळी फळीवर नव्हते. पायदळ होते पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली. त्यात बेगम समरूच्याही पलटणी होत्या. कंपनीच्या आवाहनावरून कंपूतले इंग्रज वंशाचे बरेच अधिकारी आधीच सोडून गेले होते. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन झाला. उतार कुठे आहे ते त्याला कोणी सांगेना. पलीकडच्या आणि अलीकडच्या काठावर पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर दिसली. समोरासमोर गावे असतील तर मध्ये उतार असलाच पाहिजे, एवढ्या तर्कावर त्याने फौज नदीत घातली.

नातू वेलस्ली झाला, मी पोलमन. मला इतिहास ठाऊक असल्यामुळे मी माझी तोफ सरळ उतारावर नेऊन ठेवली.

"आजोबा, हे चीटिंग आहे. त्या दिवशी तिथे कोणीच नव्हतं."

"म्हणूनच तर ठेवली."

"असं नाही चालत. तुम्हाला जे नंतर कळलं ते पोलमनला माहीत नव्हतं."

मला तोफ मागे घ्यावी लागली. इतिहासाच्या प्राध्यापकांनीही मला हे इतक्या थोडक्यात कधी सुनावले नव्हते.

पण टेबलावर मांडल्यामुळे एक गोष्ट दिसली जी वाचताना कधी नीट दिसली नव्हती. वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर आला तेव्हा पोलमनने आपली सबंध फळी काटकोनात फिरवली. वाचायला हे अर्धे वाक्य आहे. आम्हाला चाळीस पुतळे फिरवताना दहा मिनिटे लागली, दोनदा ओळ मोडली, नगारेवाला ओढणीत पडला. तिथे दहा हजारांवर माणसे होती, सोबत ओढायच्या तोफा होत्या, आणि शत्रू समोर होता. अडाणी जमावाला हे जमत नाही, हे वेलस्लीलाही त्या क्षणी उमगले असणार, कारण त्याच्या सगळ्या योजनेची भिस्त बगल उघडी सापडण्यावर होती. आसई गावाजवळ त्याची ७४ वी हायलँडर पलटण तोफांच्या तोंडी सापडून जवळजवळ संपली. फळीवरून इंग्रज पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले काही गोलंदाज उठले आणि तोफा फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला. संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, पण त्यांचे सुमारे १,६०० मृत आणि जखमी झाले होते. म्हातारपणी वेलिंग्टनला विचारले की तुझी रणांगणावरची सर्वोत्तम कामगिरी कोणती, तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे, आसईचे नाव घेतले.

म्हणूनच इंग्लंडमध्ये आसईचे पुतळे ओतले जातात. ज्याला वेलिंग्टन खेळायचा आहे त्याला समोर कोणीतरी हवा. आपले शिपाई टेबलावर आले ते शत्रू म्हणून, आणि तरीही त्या मूर्तिकाराने कोटाच्या गुंड्यांपासून नगाऱ्याच्या दोरीपर्यंत सगळे शोधून काढले. मला यात थोडी शरम वाटली. रागावण्यासारखे काही नाही. त्याने त्याचे काम चोख केले आहे. आपण आपले केलेले नाही.

कारण असा प्रयत्न वेळेवर झाला तर काय होते याचे एक उदाहरण आहे. विल्यम सायबोर्न नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूची प्रतिकृती करायला घेतली. तो रणभूमीवर कित्येक महिने राहिला, जमीन मोजली. आणि मग लढाईत असलेल्या, हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली : संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता, समोर कोण होते, शेतात पीक कोणते होते? शेकडो उत्तरे आली. १८३८ मध्ये लंडनला ही प्रतिकृती लोकांना दाखवली गेली तेव्हा तिच्यावर सुमारे ७०,००० चिमुकले धातूचे शिपाई होते. वेलिंग्टनला ती आवडली नाही, कारण तिच्यात प्रशियाची फौज फार ठळक दिसत होती आणि विजय वाटून घ्यायची त्याची तयारी नव्हती. सायबोर्नला पुढे बरेच प्रशियन शिपाई उचलून घ्यावे लागले. बिचारा कर्जात बुडाला. पण त्या पत्रांमुळे वॉटर्लूतला प्रत्येक खड्डा आज ठाऊक आहे. पुतळा कुठे ठेवायचा हे ठरवायला निघाले की माहिती जमवावीच लागते. नुसत्या भाषणाला तेवढी लागत नाही. हे मी स्वानुभवाने सांगतो.

आसईनंतर पाच वर्षे, दहा वर्षे कोणी कंपूतल्या सुभेदारांना अशी पत्रे पाठवली नाहीत. महाराजपूरनंतरही नाही. आणि महाराजपूर तर आपल्या दारातले.

१८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव वारले. दत्तक आलेले जयाजीराव लहान, ताराबाईसाहेबही कोवळ्या वयाच्या. दरबारात मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांची रस्सीखेच. आणि या सगळ्यांहून बलवान फौज. गव्हर्नर जनरल एलेनबरोला निमित्त हवेच होते. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. उत्तरेकडून चंबळ ओलांडून आलेल्या सर ह्यू गफची महाराजपूरला, आणि बुंदेलखंडाकडून आलेल्या ग्रेची पनिहारला. आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरीला जाताना लागते तेच पनिहार. इंग्रज त्याला पुन्नियार लिहितात. गफला वाटत होते की शत्रू पुढे चोंद्याला आहे. पण रात्रीतून ग्वाल्हेरच्या पलटणींनी पुढे येऊन महाराजपूर गावात तोफा रोवल्या होत्या. सकाळी पहिला गोळा आला तेव्हा गफला आपण लढाईत आहोत हे कळले. पुढे त्याच्या पायदळाने संगिनींनी गाव घेतले. गोलंदाज तोफेपाशीच मेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. त्यांची सुमारे ८०० माणसे महाराजपूरला आणि दोनशेहून अधिक पनिहारला मेली किंवा जखमी झाली. आपली किती, याची यादी कुठे नाही.

त्या तोफांचे काय झाले ते मात्र नीट नोंदलेले आहे. पकडलेल्या तोफांचे कांसे वितळवून इंग्रजांनी सहा टोकांची पदके ओतली आणि लढलेल्यांना वाटली. मध्ये चांदीचा छोटा तारा, त्यावर महाराजपूर किंवा पुन्नियार आणि तारीख. ग्वाल्हेर स्टार म्हणतात त्याला. कोलकात्याला हुगळीच्या काठी १८४७ मध्ये उभारलेल्या ग्वाल्हेर स्मारकातही याच तोफांचा धातू आहे. त्यावर नावे आहेत ती त्यांच्या माणसांची. जानेवारी १८४४ च्या तहाने दरबारची फौज ९,००० वर आणली, त्यात पायदळ फक्त ३,०००. कंपू संपला आणि मोहल्ला उरला.

नातू जूनमध्ये परत गेला. जाताना त्याने खोका माझ्याकडे ठेवला : "तुम्ही रंगवा, मला फोटो पाठवा." मी रंगवले. हात थरथरतो, त्यामुळे दोन तेलंग्यांच्या मिशा गालापर्यंत गेल्या आहेत.

मग जुलैमधल्या मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की यंदा दिवाळीच्या किल्ल्याऐवजी आवारात महाराजपूर मांडावे. चर्चा बरीच झाली. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे, पराभवाची आरास कोणी करते का? मुलांना काय सांगणार? दुसरे म्हणाले की किल्ला म्हणजे शिवराय. परंपरा मोडू नये. दोघांचेही बोलणे मी टाळण्यासारखे मानत नाही. शिवरायांचा किल्ला ही आपल्याला महाराष्ट्राशी बांधणारी दोरी आहे, आणि इतक्या लांब राहून ती जपणाऱ्यांनाच तिची किंमत कळते. मी एवढेच म्हटले की रायगड पाहायला आपली मुले रायगडाला जाऊ शकतात. महाराजपूर कुठे आहे हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बैठकीत एकवीस जण होते. तिघांनी हात वर केला, त्यांतले दोघे मुरैन्याला नोकरीला होते म्हणून. शेवटी तडजोड झाली : किल्ला नेहमीच्या जागी होईल, आणि शेजारच्या आठ बाय बारा फुटांच्या चौथऱ्यावर महाराजपूर.

धातूचे पुतळे एवढ्या मोठ्या जागेला परवडणारे नाहीत. म्हणून मी कुंभाराकडे गेलो. आमच्या लहानपणीचा कुंभार कधीच गेला. त्याच्या धंद्यातला आणि त्याच गल्लीतला एक तरुण कारागीर आहे. त्याला मी रंगवलेला तेलंगा दाखवला. त्याने तो उन्हात धरून चारही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, "ये तो हमारे यहाँ बनता था, बाबूजी. साँचा दादा का रखा है. अब कोई लेता नहीं."

साचा त्याने काढून दाखवला. कडा झिजल्या आहेत, पण पट्टे नीट उमटतात. साठ तेलंगे, वीस नजीब, आठ तोफा आणि चाळीस गोलंदाज अशी मागणी दिली आहे. घोडेस्वार नंतर पाहू. माल अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात मिळेल. पुतळे कच्चे, म्हणजे रंग आपल्यालाच द्यायचा आहे. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात बसू. ब्रश आणि रंग मंडळ देईल. मुलांना पाठवा, आणि ज्यांच्या घरी जुने हजेरीपट, सनदा किंवा त्या फौजेतल्या कुणाचे नाव असलेला कागद असेल, त्यांनी तो सोबत आणावा. गोलंदाजांच्या चौथऱ्यावर लिहायला नावे हवी आहेत.